घरचं आरोग्य : माळेनं न उतरणारी कावीळ



पावसाळा सुरू झाला की आपल्या ओळखीपाळखीत कुठे ना कुठे कावीळ होतेच. एखाद्याचे डोळे पिवळे दिसले की घरात पहिली चर्चा निघते ती डॉक्टरांची नव्हे, तर माळेची. अमक्या गावचा माणूस माळ देतो, तमकीच्या दिराला तिनंच गुण आला, फक्त सूर्योदयापूर्वी जावं लागतं. कुणी हाताला चुना लावून पिवळं पाणी उतरवणारा सुचवतं, तर कुणी भुईआवळीचा रस. आणि हळद-तेल तर त्याच दिवशी स्वयंपाकातून हद्दपार होतं.

यातली गंमत अशी की पुष्कळांना खरोखरच बरं वाटतं. म्हणून आज थोडं सविस्तर बोलायचं आहे. माळेवर हसण्यासाठी नाही, तर एक विशिष्ट कावीळ अशी असते की तिथे माळेची वाट पाहण्यात गेलेले आठवडे फार महाग पडतात. ती कावीळ ओळखायची तर पोटातल्या एका दडून बसलेल्या अवयवाची ओळख हवी. तो अवयव म्हणजे स्वादुपिंड, आणि त्यातही त्याचं डोकं.

माळ लांबते ती कशी?

पावसाळ्यात होणारी नेहमीची कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंची असते. विषाणू यकृताला सूज आणतात, भूक मरते, मळमळतं, थोडा ताप येतो आणि मग डोळे पिवळे होतात. निरोगी माणसाचं शरीर या विषाणूंना बहुधा आपणहून काही आठवड्यांत परतवून लावतं. त्याच काळात गळ्यात माळ असली तर श्रेय माळेला जातं. माळेच्या ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांबते. चुन्याचंही तसंच. आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की वर चुन्याचं पाणी पडताच ते पिवळं होतं. तुमचे-माझे निरोगी हात धुतले तरी होईल.

(गर्भारपणातली कावीळ मात्र या 'नेहमीच्या' काविळीत धरू नका. ती फार झपाट्याने बिघडू शकते. दिवस गेलेल्या बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.)

पण काही काविळी यकृत बिघडल्यामुळे होतच नाहीत. यकृत आपलं काम करत असतं, फक्त त्याचं पित्त पुढे जायची वाट बंद झालेली असते. अशी कावीळ आपोआप उतरत नाही, दिवसेंदिवस चढत जाते.

वरच्या बिऱ्हाडाचा नळ

आता जरा पोटाच्या आत डोकावू. जठराच्या पाठीमागे, पाठीच्या कण्यासमोर स्वादुपिंड आडवं पहुडलेलं असतं. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० ग्रॅम. मक्याचं छोटं कणीस आडवं ठेवावं तसं हे दिसतं : उजवीकडे जाड, डावीकडे निमुळतं होत प्लीहेपर्यंत गेलेलं, आणि अंगावर दाण्यांसारखा उंचसखलपणा. कणीस टणक असतं आणि हा अवयव मऊ, एवढाच फरक. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोकं, मधलं धड आणि डावीकडची शेपटी.

जठरातून निघालेलं अन्न आतड्याच्या ज्या पहिल्या तुकड्यात उतरतं त्याला आद्यांत्र म्हणतात. हे आद्यांत्र इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं असतं आणि त्या वळणाच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं बसवल्यासारखं असतं. दोघांना रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्याही सामाईक. त्यामुळे शस्त्रक्रियेत डोकं काढायचं तर आद्यांत्रही सोबत काढावं लागतं.

यकृतात तयार झालेलं पित्त खाली आणणारी नळी या डोक्याच्या मागच्या बाजूने, बहुतेकांच्या शरीरात तर त्याच्या मांसातूनच, खाली येते. स्वादुपिंडाची स्वतःची मुख्य नळीही तिथेच तिला येऊन मिळते. ही नळी इटलीतल्या पाडुआ इथे १६४२ मध्ये विरसुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने प्रथम दाखवली, म्हणून आजही तिला त्याचंच नाव आहे. दोन्ही नळ्या एका छोट्याशा तोंडाने आद्यांत्रात उघडतात.

जुन्या वाड्यात राहिलेल्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीचा नळ खालच्या बिऱ्हाडाच्या भिंतीतून गेलेला असतो. खालची भिंत फुगली की नळ दाबला जातो आणि पाणी तुंबतं वरच्यांच्या मोरीत. वरची मोरी कितीही घासली तरी काही उपयोग नाही. स्वादुपिंडाच्या डोक्याला सूज आली किंवा गाठ झाली की असंच होतं. दुखणं डोक्याचं, पण तुंबतं यकृताचं पित्त, आणि पिवळे होतात डोळे! धडाला किंवा शेपटीला गाठ झाली तर सहसा कावीळ होत नाही, कारण तिथून पित्ताची नळी जात नाही.

याचं काम काय?

स्वादुपिंड दोन कामं करतं. पहिलं पचनाचं. दिवसाला लीटर-दीड लीटर रस ते आद्यांत्रात सोडतं. या रसात पिठूळ पदार्थ, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवणारी वेगवेगळी पाचकद्रव्यं असतात. जठरातून आलेलं आंबट अन्न सौम्य करण्यासाठी खाण्याच्या सोड्यासारखा क्षारही असतो. प्रथिनं पचवणारी द्रव्यं इतकी जहाल की ती स्वादुपिंडालाच पचवून टाकतील. म्हणून ती निद्रिस्त अवस्थेत बाहेर पडतात आणि आतड्यात पोचल्यावरच जागी होतात. काडी एका खोलीत आणि पेटी दुसऱ्या खोलीत ठेवावी तशी ही निसर्गाची खबरदारी.

दुसरं काम रक्तातली साखर सांभाळण्याचं. स्वादुपिंडात पेशींची बारीक बारीक बेटं विखुरलेली असतात. लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये पाहिली. इन्शुलिन तिथेच तयार होतं, आणि १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं करून दाखवल्यावर मधुमेहाच्या रोग्यांना जीवदान मिळालं. म्हणूनच स्वादुपिंड बिघडलं की कधी पचन बिघडतं, कधी साखर वाढते, तर कधी दोन्ही.

एक पत्र

मागे एका भगिनीचं पत्र आलं होतं. तिच्या सासूबाई साठीच्या. डोळे पिवळे झाले, पण पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता. 'दुखत नाही ना, मग घाबरायचं कशाला?' म्हणून घरच्यांनी माळ आणली. अंगाला खाज सुटली, तर पथ्य मोडलं असेल असं ठरलं. पाच आठवड्यांनी शहरात नेलं तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ निघाली आणि ती मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. दुर्बिणीतून नळी घालून पित्ताला वाट करून दिली, खाज थांबली, आणि पुढचे दहा महिने त्या घरी बऱ्यापैकी सुखात राहिल्या. पत्राच्या शेवटी एवढंच विचारलं होतं : "आधी नेलं असतं तर आई वाचल्या असत्या का?"

ताई, याचं उत्तर कुणीच छातीठोकपणे देऊ शकत नाही. काही गाठी कावीळ दिसण्याआधीच पसरलेल्या असतात. घरातल्या कुणी काही जाणूनबुजून केलं नाही, तेव्हा स्वतःला बोल लावून घेऊ नका. पण दुखत नाही म्हणून निर्धास्त राहायचं, हा समज मात्र आपण सर्वजणी मिळून मोडू या. उतारवयात न दुखता आलेली आणि वाढत जाणारी कावीळ ही दुखणाऱ्या काविळीपेक्षा जास्त काळजीची असू शकते.

तीन प्रश्न

कावीळ कोणत्या जातीची हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण त्यांना जी माहिती हवी असते ती घरातल्या बाईकडेच असते. तीन प्रश्न विचारा.

पहिला : शौचाचा रंग कोणता? शौचाला नेहमीचा रंग येतो तो पित्तामुळे. पित्त आतड्यात उतरलंच नाही तर शौच फिकं, शाडूच्या मातीसारखं होतं.

दुसरा : लघवी कशी होते? वाट न मिळालेलं पित्त रक्तात शिरतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. मग ती कोऱ्या चहासारखी गडद होते.

तिसरा : अंगाला खाज सुटते का? वाट अडली की खाज फार येते, विशेषतः तळहात-तळपायांना आणि रात्री.

यकृताच्या काविळीतही लघवी गडद होते आणि काही दिवस शौचही फिकं होऊ शकतं. पण तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, आठवडा उलटला तरी रंग चढतच राहिला, आणि माणूस पन्नाशीच्या पुढचं असलं, तर वाट अडल्याचा संशय घ्यायचा. थांबायचं नाही.

तुम्ही म्हणाल, सासूबाईंना किंवा मामंजींना हे विचारायचं कसं? अडचण खरी आहे. संडासात पाणी ओतलं की पाहणारं कुणी नसतं, आणि विचारायची लाज वाटते. सरळ डॉक्टरांवर ढकलावं : "अहो आई, डॉक्टर पहिलं तेच विचारतील, म्हणून उद्या सकाळी एकदा बघून सांगाल का?" मामंजींकडे मुलाला पाठवावं. लाजेपायी गेलेला आठवडा परत येत नाही.

डोक्याची दुखणी

वाट अडली म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही. पित्ताशयातला खडा घरंगळून नळीत अडकणं हे नेहमी आढळणारं कारण. पित्ताचे खडे पुरुषांपेक्षा आपल्या बायकांत जास्त. वजन वाढलेलं, दोन-तीन बाळंतपणं झालेली, चाळिशीच्या आसपासची बाई, सणाचं तळणीचं जेवण आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ, हे चित्र पुष्कळींना ओळखीचं असेल.

हाच खडा दोन नळ्यांच्या सामाईक तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाचा रसही कोंडतो. निद्रिस्त पाचकद्रव्यं मग आतच जागी होतात आणि स्वादुपिंडाला तीव्र सूज येते. वरच्या पोटात भयंकर कळ येते, ती पाठीत आरपार जाते, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं, आणि ओकाऱ्या थांबत नाहीत. हे दुखणं ओवा, सोडा, हिंगाच्या पाण्याने जाणारं नाही. गॅस समजून रात्र काढू नका, इस्पितळात न्या. बहुतेकांची सूज सलाइन आणि वेदनाशामकांनी आठवडाभरात ओसरते, पण काहींच्या जिवावर बेतते आणि ते कोण हे घरी बसून कळत नाही. खड्यामुळे सूज आली असेल तर ती उतरल्यावर पित्ताशय काढून टाकायला सांगतात. 'आता दुखत नाही' म्हणून ती शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली तर दुसरा झटका येऊ शकतो.

पुरुषांमध्ये अशा सुजेचं मोठं कारण दारू. वर्षानुवर्षं प्यायलं की स्वादुपिंड कडक होतं, त्यात खडे धरतात. उष्ण प्रदेशात, विशेषतः केरळात, दारूचा थेंबही न घेतलेल्या तरुण मुलांतही असे खडे पूर्वीपासून आढळत आले आहेत. अशा जुनाट दुखण्यात तूप-तेल पचत नाही, शौच तेलकट, दुर्गंधी होतं, पाण्यावर तरंगतं. माणूस खाऊनही वाळत जातो आणि पुढे मधुमेह होतो. यावर पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवताना घ्यायच्या असतात, जेवण उरकून तासाभराने नव्हे.

आता कर्करोगाविषयी. स्वादुपिंडाचे निम्म्याहून जास्त कर्करोग डोक्यातच होतात. कावीळ, खाज, वजन घटणं ही लक्षणं वर आलीच. पन्नाशीनंतर वजन उतरत असताना अचानक मधुमेह निघाला तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. बहुतेकांच्या बाबतीत तो साधा मधुमेहच असतो. शंभरात एखाद्याच्याच मागे स्वादुपिंडाची गाठ निघते. पण सांगायला काही खर्च नाही.

याला कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत तंबाखू ठळक आहे. विडी-सिगारेट तर आलीच, पण धूर न काढता तोंडात ठेवलेल्या तंबाखूनेही स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. सकाळी मशेरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा बायका आपल्या घरांत अजून आहेत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे त्यांना एकदा प्रेमाने सांगा.

आणि डोक्याला आलेली प्रत्येक गाठ वाईट नसते. एका प्रकारची सूज गाठीसारखीच दिसते आणि गोळ्यांनी विरघळते. तेव्हा तपासण्या पुऱ्या होण्याआधी कुणी कपाळाला हात लावू नये.

तपासण्या आणि शस्त्रक्रिया

आधी रक्त तपासतात. त्यातल्या आकड्यांवरून वाट अडली आहे का याचा अंदाज येतो. मग सोनोग्राफी. ती पित्ताचे खडे आणि फुगलेली नळी चांगली दाखवते, पण स्वादुपिंड जठराच्या मागे असल्याने आतड्यातल्या वायूमुळे नीट दिसतंच असं नाही. म्हणून नळी फुगलेली दिसली आणि कारण सापडलं नाही, तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. 'उगाच खर्चात पाडतात' म्हणून तो टाळू नका. नळीत खडा असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो पोट न फाडता काढता येतो.

गाठ असेल आणि वेळेत सापडली असेल तर डोकं, आद्यांत्र, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग काढून उरलेले भाग आतड्याला पुन्हा जोडतात. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. शस्त्रक्रिया मोठी, कित्येक तास चालणारी. पूर्वी तिच्यात पुष्कळ रोगी दगावत. आता जिथे ती नेहमी होते अशा ठिकाणी शंभरात पाचांपेक्षाही कमी दगावतात. म्हणून ती सरावाच्या हातांनीच व्हावी. आपल्याकडे मुंबईचं टाटा इस्पितळ अशा ठिकाणांपैकी एक. दुःखाची गोष्ट ही की स्वादुपिंडाच्या कर्करोगात रोगी येतात तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांवरच ती करता येते. नळ्यांच्या तोंडाशीच झालेली गाठ मात्र लहान असतानाच वाट अडवते, लवकर सापडते आणि तिचा निकाल बराच चांगला असतो.

घरात एवढं पाहा

कावीळ झालेल्या माणसाची हळद बंद करून काही साधत नाही. अंगाचा पिवळेपणा हळदीचा नसतो. हलकं, भूक असेल तसं खाऊ द्या. झाडपाल्याचं अनोळखी औषध देऊ नका. आधीच त्रासलेल्या यकृताला त्यानं इजा होऊ शकते. हातावर डाग देणं, नाकात झोंबणारा रस पिळणं, हे तर नकोच.

वहीच्या पानावर तारखा घाला : डोळे कधी पिवळे दिसले, शौच-लघवीचा रंग, खाज, वजन, भूक, चालू असलेली औषधं. ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. काविळीत थंडी वाजून ताप आला, माणूस बरळू लागलं किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि हे सगळं स्वतःसाठीही करा. यजमानांचे डोळे पिवळे दिसले तर आपण दारापर्यंत धावतो. आपल्या डोळ्यांत मात्र कुणी पाहत नाही, आपणही नाही. बांगड्या मनगटावरून घसरू लागल्या, ब्लाउजला दोनदा टीप मारावी लागली, तर मैत्रिणी म्हणतात, 'छान बारीक झालीस की!' काही न करता बारीक झाला असाल तर आरशासमोर उजेडात उभ्या राहा, खालची पापणी ओढून पाहा आणि एकदा तपासून घ्या.

पित्ताशयात खडे असताना काय खावं, काय टाळावं, अशी विचारणा बऱ्याच जणींनी केली आहे. त्याविषयी पुढच्या आठवड्यात बोलू.